खिशातला सेंटर

रविवार, सकाळचे दहा. राऊ गाव, माझ्या साडूचं गॅरेज. हजर: मी एकटा.

ऐका, पण बाहेर बोलू नका! भल्याभल्या मंत्र्यांना घाम फोडणारा मी पत्रकार, आणि मला घाम फोडला कोणी? बोटभर पोलादाने!

माझा साडू मनोहर रिटायर झाला, गाडी उन्हात काढली आणि गॅरेजमध्ये धातू कातायचा लेथ बसवला. पितळेची समई घडवली. झालं! आमच्या घरी रोज तिचं कौतुक. "मनोहररावांच्या हातात कला आहे हो," इति माझी बायको शैला. आणि माझ्या हातात काय, खाज? मी एवढे घोटाळे बाहेर काढले, त्यांना कधी कोणी हळदकुंकू वाहिलं?

तर त्या दिवशी शैला आणि तिची बहीण वंदना आत पोहे करत होत्या. मनोहर पोह्यांवर भुरभुरायचा जिरावण मसाला आणायला गेलेला. म्हटलं, बघू तरी या यंत्रात एवढं काय सोनं लागलंय! उजव्या टोकाला टेलस्टॉक, त्यात भाल्याच्या टोकासारखा सेंटर. पितळेचा रॉड त्याच टोकावर टेकून फिरतो. मी टेलस्टॉकच्या मागचं चाक उलटं फिरवलं. आणखी फिरवलं.

टक! सेंटर माझ्या हातात.

मोडला की हो! आता शैला काय म्हणेल? टाकला पँटच्या खिशात. आमच्या अन्नपूर्णा भागात ओळखीचा वेल्डर आहे, चुपचाप जोडून आणू.

तेवढ्यात मनोहर आला. "अरे भिया, सेंटर कुठे गेला?"

"चोरी!" मी गरजलो. "या राऊ गावात भुरटे चोर फार माजलेत. पोलिसात जा! तू नाही गेलास तर मी बातमी लावतो!"

"पण जिजाजी, इथे तर तुम्हीच होतात ना?" वंदना म्हणाली. "बरं, बसा. पोहे थंड होतायत."

बसतो कसा? टोक सरळ मांडीत! उभ्यानेच खाल्ले.

"काय हो, मूळव्याध उठली का?" शैलाने सगळ्यांसमोर विचारलं.

मनोहरने पेटीतून दुसरा सेंटर काढला. तो पुसला, टेलस्टॉकचं भोक पुसलं आणि तळहाताने दाबून बसवला.

"आणि वेल्डिंग?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"कायकी वेल्डिंग, भिया! नुसता घट्ट बसतो. काढायचा तर चाक पूरा मागे घ्यायचं, टक करून बाहेर!"

म्हणजे मोडलाच नव्हता! पण आता परत देणार कोणत्या तोंडाने? चोरीची बोंब कोणी मारली होती?

घरी येऊन पँट खुंटीला टांगली. दुसऱ्या दिवशी बघतो तर खिसा रिकामा, आणि टोकाने पाडलेलं भोक जाड दोऱ्याने शिवलेलं.

पुढच्या रविवारी राऊला गेलो. मनोहरने पेटी उघडली. माझ्या खिशातला सेंटर आत, तेल लावून ठेवलेला. वंदनाने खुर्ची पुढे केली, वर उशी ठेवली. शैला समई न्याहाळत होती.

जन्मभर प्रश्न विचारून पोट भरलं माझं. पण तो सेंटर राऊला कोणी नेला, हे आजवर कोणी सांगितलेलं नाही. आणि विचारणार कोण?