पाय गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही

राउंडला आलेल्या डॉक्टरांनी चादर बाजूला केली, पट्टीवरून हात फिरवला, तिच्यातून बाहेर आलेली नळी तपासली आणि सोबतच्या ज्युनिअरला म्हणाले, “स्टंप अच्छा है. ड्रेन कल निकाल देना.” मग माझ्याकडे बघून हसले. “भाईसाहब, अब हिम्मत आपकी.”

स्टंप म्हणजे पाय कापल्यावर जो भाग उरतो तो. हा शब्द मी त्या अर्थाने पहिल्यांदाच ऐकत होतो, पण कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. डावा पाय गुडघ्याच्या खाली वीतभर उरला होता, तिथे पांढऱ्या पट्टीचा गोळा होता. त्याच्यापुढे नुसती गादी होती.

माझी बायको वैशाली उशाशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने खाली बघितलं. डॉक्टरांच्या लक्षात आलं असावं. “आपने बताया नहीं अभी तक?” असं तिला हळू आवाजात विचारून ते पुढच्या पलंगाकडे गेले.

ज्यांच्या घरात असं काही घडलंय, किंवा उद्या घडेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी फारसा बोलणारा माणूस नाही. बँकेत इतकी वर्षं काढली ती मान खाली घालून. पण पायाबद्दल लोक विचारतात तेव्हा मी जे सांगतो ते अर्धंच असतं. आज सगळं सांगतो.

माझी बदली जयपूरजवळच्या बस्सीच्या शाखेत झाली होती आणि घर शहरात, मानसरोवरला. एरवी मी बसने जायचो. त्या दिवशी स्कूटर नेली होती. संध्याकाळी आग्रा रोडने परत येताना मागून ट्रेलरचा धक्का बसला आणि त्याचं चाक पायावरून गेलं. शुद्ध पूर्ण गेली नव्हती. हॉस्पिटलात “क्रश इंज्युरी” हा शब्द कानावर पडला. म्हणजे हाड, स्नायू, रक्तवाहिन्या सगळं एकत्र चिरडलेलं. साधं फ्रॅक्चर असतं तर हाड जोडता येतं. इथे पावलापर्यंत रक्तच पोचत नव्हतं.

ऑपरेशनला नेताना स्ट्रेचर लिफ्टपाशी थांबलं. मी वैशालीचा हात धरला आणि म्हणालो, “पाय कापू देऊ नकोस. काहीही म्हणोत.” ती म्हणाली, “नाही देणार.” मी म्हणालो, “शपथ घे.” तिने घेतली.

मग लिफ्टचं दार बंद झालं आणि तिने सही केली.

पुढचे दोन दिवस ते मला कळलं नाही. पायावर लोखंडी कमान ठेवून वरून चादर घातली होती. मी औषधांच्या गुंगीत होतो. आणि मला पाय जाणवत होता. याला “फँटम सेन्सेशन” म्हणतात. पाय नसतो, पण मेंदूच्या लेखी तो असतो. तो दुखतो, आखडतो, त्याला मुंग्या येतात. माझ्या अंगठ्याला विलक्षण खाज सुटली होती. मी वैशालीला म्हणालो, “जरा अंगठा खाजव ना.” तिने चादरीखाली हात घातला. थोड्या वेळाने विचारलं, “बरं वाटलं?” मी म्हणालो, “हो.”

आणि खरंच बरं वाटलं होतं.

डॉक्टर राउंड घेऊन गेल्यावर मला सगळ्यात आधी ही खाज आठवली. पाय गेला ते पुढचं. ती चादरीखाली काय खाजवत होती? मी तिला एकच प्रश्न विचारला, “कुणाकुणाला माहीत आहे?” सगळ्यांना माहीत होतं. माझी मुलगी मुक्ता, साताऱ्याचा धाकटा भाऊ संजय, ऑफिसातले लोक, समोरच्या शर्मा भाभी. रोज दाढी करून देणारा वॉर्डबॉयसुद्धा मला “सब ठीक हो जाएगा” म्हणायचा, ते माहीत असल्यामुळेच. ज्याचा पाय होता तेवढा एक सोडून सगळ्यांना सांगून झालं होतं.

वैशाली म्हणाली, “डॉक्टर म्हणाले होते, दोन दिवस थांबा, धक्का सोसणार नाही.” मी भिंतीकडे तोंड केलं.

आता थोडं उपयोगाचं. टाके काढल्यावर स्टंपला इलॅस्टिकची पट्टी घट्ट बांधतात, म्हणजे सूज उतरून त्याला निमुळता आकार येतो. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. बरं वाटतं म्हणून मी घ्यायचो आणि फिजिओथेरपिस्ट बाईंच्या शिव्या खायचो. “उशी इतकी आवडत असेल तर गुडघा वाकडाच ठेवू या,” असं त्या हिंदीत म्हणायच्या. “काँट्रॅक्चर” होतं, म्हणजे सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो. मग कृत्रिम पाय बसत नाही.

साताऱ्याकडचे नातेवाईक फोनवर म्हणायचे, “नशीब बघ, जयपूरलाच होतास. लोक कुठून कुठून येतात तिथे पाय बसवायला.” मी हसायचो.

पाय बसवायच्या जागी मोठ्या हॉलमध्ये बाकांवर बसायचं. स्टंपचा प्लास्टरमध्ये साचा घेतात, त्यावरून “सॉकेट” बनवतात. सॉकेट म्हणजे स्टंप ज्यात बसतो ते कवच. खाली रबराचं पाऊल. त्याला बोटं असतात, रंग कातडीसारखा असतो, अनवाणी चालता येतं, मांडी घालता येते. पहिल्या दिवशी मी दोन समांतर दांड्यांना धरून उभा राहिलो आणि कातडी अशी सोलवटली की पुढचे कितीतरी दिवस पुन्हा कुबड्या. स्टंप दिवसभरात थोडा आटतो, पाय सैल होतो, मग स्टंपवर आणखी एक मोजा चढवायचा. रात्री आरसा धरून खालची कातडी बघायची. लाल डाग दिसला आणि तो जात नसेल तर दुसऱ्या दिवशी पाय घालायचा नाही. हे सगळं शिकता येतं. मी शिकलो.

वैशालीला मात्र मी हे काहीच बघू दिलं नाही. पाय काढायचा, घालायचा तो दार लावून. दवाखान्यात जाताना मुक्ताला घेऊन जायचो. मुक्ताचं मराठी निम्मं हिंदी. एकदा रिक्षात म्हणाली, “बाबा, मतलब तुम्ही मम्मीला पनिश करताय ना?” मी म्हणालो, “रस्त्याकडे बघ.”

संजय फोन करायचा तेव्हा स्पीकर चालू असायचा. एकदा तो म्हणाला, “वहिनींनी जरा दम धरायला हवा होता रे. पुण्याला हलवलं असतं. आजकाल काय काय जोडतात.” वैशाली समोर बसून मटार सोलत होती. मी म्हणालो, “जाऊ दे रे, झालं ते झालं.” ऐकायला किती समजूतदार वाक्य आहे. पण त्यात “तिचं चुकलं नाही” हे नव्हतं. मी ते मुद्दामच घातलं नव्हतं.

आता जे लिहायला मी इतके दिवस लावले ते.

नंतरच्या एका तपासणीला मुक्ता औषधं आणायला गेली होती आणि मी डॉक्टरांसमोर एकटा होतो. मी विचारलं, “सच बताइए, टाँग बच सकती थी?”

ते थोडे गोंधळले. म्हणाले, “टाँग? उस वक्त तो हम घुटना बचा रहे थे. सुबह तक रुकते तो यहाँ से जाती.” आणि स्वतःच्या मांडीवर हात आडवा ठेवून दाखवला. “मैडम ने वक्त पर हाँ कर दी. घुटना है, इसीलिए आप ऐसे चल पा रहे हैं.”

मी घरी आलो. वैशालीने विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हणालो, “जखम चांगली भरलीय.”

का लपवलं? त्या ट्रेलरवाल्याचं मी तोंडही बघितलं नव्हतं. त्याच्यावर रागवायचं म्हणजे कुणावर रागवायचं? वैशाली मात्र समोर होती. तिने शब्द मोडला म्हणून माझा पाय गेला, एवढं एक वाक्य मला समजत होतं. ते हातातून गेलं तर उरलं असतं ते नुसतं नशीब. म्हणून डॉक्टरांचं बोलणं मी कुणालाच सांगितलं नाही. आणि ती रोज माझ्यासमोर आरोपीसारखी वावरत राहिली.

याच काळात साताऱ्याला संजयकडे राहणाऱ्या आईलाही आम्ही फसवत होतो. तिला सांगितलं होतं, फ्रॅक्चर आहे, रॉड घातलाय. “तिला बीपी आहे, झेपणार नाही,” संजय म्हणाला आणि मी लगेच मान्य केलं. व्हिडिओ कॉलवर मी छातीपर्यंतच दिसायचो. ज्या गोष्टीसाठी मी बायकोवर राग धरला होता तीच मी आईशी करत होतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

दिवाळीला आई आली. संजय तिला सोडून परत गेला. मी लांब पायजमा घालून फिरत होतो. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. “लंगडतोस अजून,” एवढंच ती म्हणाली. मी म्हणालो, “रॉड आहे ना.”

नरकचतुर्दशीला पहाटे तिने पाट मांडला, रांगोळी काढली, वाटीत तेल कोमट केलं. मी म्हणालो, “आई, मला सर्दी आहे, नुसतं डोक्याला लाव.” ती म्हणाली, “गप बस. वर्षाचा सण आहे.” डोक्याला लावलं, हातांना लावलं. उजवा पाय चोळला. मग डावं पाऊल ओढून मांडीवर घेतलं आणि त्याला तेल लावायला लागली. ती चोळत राहिली. मग म्हणाली, “तुझ्या या पायात तेल का मुरत नाहीये?”

वैशाली दारात निरांजन घेऊन उभी होती. मुक्ता तिच्यामागे.

आईने पायजमा वर सारला. बोटांनी चाचपत सॉकेटच्या कडेपर्यंत गेली. कातडी सुरू झाली तिथे हात थांबला.

मग म्हणाली, “कुणाकुणाला माहीत होतं?”

“सगळ्यांना,” मी म्हणालो.

“त्या समोरच्या भाभीला?”

“हो.”

“तरीच काल मला ‘माताजी, आप बड़ी हिम्मतवाली हैं’ म्हणत होती. मला वाटलं, प्रवासाचं म्हणतेय.” मुक्ताला हसू आलं आणि लगेच ती रडायला लागली. आई मात्र रडली नाही. “मी तिकडे तुझं हाड जुळावं म्हणून सोमवार धरत होते,” ती म्हणाली. “शेजारणीला सांगत होते, जुळत आलंय म्हणून. वेड्यात काढलंत मला.”

मग तिने वैशालीकडे बघितलं. “कापायला हो कुणी म्हटलं?”

“मी, आई.”

“याला विचारलंस?”

“नाही. हे नको म्हणाले होते. मी शपथही घेतली होती.”

नेहमी याच्यानंतर शांतता यायची आणि मी ती येऊ द्यायचो. त्या दिवशी मी बोललो. डॉक्टरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, मांडीवर हात आडवा ठेवून दाखवला. हे त्यांनी मला कधी सांगितलं आणि मी ते कसं दडवलं, तेही सांगितलं. तिच्याकडे बघून बोलायला हवं होतं, मी पाटाकडे बघून बोललो.

वैशालीने निरांजन खाली ठेवलं. “तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. मग म्हणाली, “आणि समजा डॉक्टर उलटं म्हणाले असते, की वाचला असता पाय? मग तुम्ही मला कधीच माफ केलं नसतंत?”

मी आईकडे बघितलं. तिने मला सोडवलं नाही. ती पायऱ्यांवर पणत्या लावायला निघून गेली.

तेव्हापासून मी त्या प्रश्नाचा विचार करतोय. मला वाटत होतं, वैशालीने मला अंधारात ठेवलं. ठेवलंच. दोन दिवस ती चादरीखाली खाजवत होती ते मी अजून विसरू शकत नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला आधी सांगायला हवं हे मी कुणालाही सांगेन. पेशंट लहान मूल नसतो. पण लिफ्टपाशी शपथ घ्यायला लावून मीच तिला एकटं पाडलं होतं. मी गुंगीत गेलो. जागी ती होती. शब्द पाळला असता तर गुडघा, कदाचित नवराही जाण्याची भीती, मोडला तर नवऱ्याचा राग. तिने राग निवडला. त्याचे आभार मी आजवर मानले नव्हते, ते इथे सगळ्यांसमोर मानतो.

संजयला मी त्याच दुपारी फोन करून सगळं सांगितलं, स्पीकर चालू ठेवून. वैशालीने ऐकलं. ती अजूनही कमीच बोलते. सगळं जुळून आलं असं मी लिहिणार नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, दार न लावता पाय काढला. मोजे उतरवले. वैशाली भाजीची पिशवी घेऊन बाहेर निघाली होती, ती थांबली. पहिल्यांदाच तिने स्टंप उघडा बघितला. जवळ येऊन बसली, पण हात लावला नाही.

“दुखतं?” तिने विचारलं.

“दुखतं,” मी म्हणालो. “रोज दुखतं.”

तिने पिशवी खाली ठेवली.