दोन नंबरच्या गेटची चावी

ती संध्याकाळ अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, महामार्गावरचे अपघात तर मोजले नाहीत. पण ज्या प्रकरणात कोणाच्याही मनात कोणाला मारायचे नव्हते, तेच मला जास्त छळते.

मी तेव्हा नाशिक तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. हद्दीची एक बाजू शहराला लागलेली, दुसरी धरणाकडे गेलेली. द्राक्षबागांमधून नवी रिसॉर्ट उभी राहिली होती. अशाच एका मोकळ्या माळावर तिशीतल्या एका तरुणाने संगीत महोत्सव भरवायचे ठरवले. नाशिकमध्ये उघड्यावर एवढा मोठा कार्यक्रम तो पहिल्यांदाच करत होता. पोरगा चांगल्या घरातला, परदेशात शिकलेला, बोलायला नम्र. ना हरकत दाखल्यासाठी तो ठाण्यात आला, तेव्हा त्याने टेबलावर जागेचा रंगीत नकाशाच पसरला.

मी गावच्या पोलीस पाटील बाईंनाही बोलावले होते. त्यांनी नकाशाकडे पाहिलेही नाही.

"एकच रस्ता हाय, साहेब," त्या म्हणाल्या. "गावात लगीन असलं तरी आमी अडकून पडतो. ह्या गर्दीत कुणाला काय झालं, तर गाडी कुठून न्यायची?"

"मॅडम, आमच्याकडे प्रोफेशनल टीम आहे," तो हसून म्हणाला. "सगळं प्लॅन केलंय."

"पलान कागदावर असतो, दादा. रस्ता जिमिनीवर असतो."

माझ्याही मनात तीच शंका होती. मुख्य गेट अरुंद रस्त्यावर उघडत होते. मागच्या बाजूला, कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर, दुसरे गेट होते. त्याला सगळे दोन नंबरचे गेट म्हणत. मी लेखी अट घातली की कार्यक्रम संपेपर्यंत हे गेट पूर्ण उघडे राहील, तिथे एक सुरक्षारक्षक असेल आणि आतल्या बाजूला एकही स्टॉल लागणार नाही. आयोजकाने अट मान्य करून सही केली. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी स्वतः जाऊन पाहणी केली. गेट सताड उघडे होते. तिथे नामपूरकडचा एक पन्नाशीचा रक्षक खुर्ची टाकून बसला होता. मला पाहून तो उठला आणि त्याने कडक सलाम ठोकला.

दुपारपासून गर्दी लोटली. कॉलेजची मुले, नोकरीवाली जोडपी, लहान पोरे घेऊन आलेली कुटुंबे. मी बंदोबस्तासह मुख्य गेटवर होतो, कारण रस्ता तुंबला होता आणि आत यायच्या गाड्या संपत नव्हत्या. सूर्य मावळायच्या सुमारास अवकाळी वारा सुटला. धूळ एवढी की पाच हातांवरचा माणूस दिसेना. मैदानाच्या मागच्या भागात खाण्याच्या स्टॉलवरचे पत्रे उडाले. एक वायर तुटून खाली पडली. त्या वायरीत वीज नव्हती, हे नंतर तपासात निष्पन्न झाले. पण कोणीतरी ओरडले, "करंट उतरला, पळा!"

त्यानंतर लोकांनी विचार केला नाही. मुख्य गेटकडून अजून माणसे आत येतच होती. म्हणून मागची सगळी गर्दी कालव्याच्या बाजूला वळली. दोन नंबरच्या गेटला साखळी होती आणि साखळीला कुलूप.

वायरलेसवर माझ्या हवालदाराचा आवाज आला, "साहेब, मागं लोक दबतायत." आम्ही शेतातून जीप घातली. पोहोचलो तेव्हा गेटच्या जाळीवर माणसांचा ढीग चढला होता. बाहेरच्या बाजूने तो रक्षक जाळीला लोंबकळून ओढत होता. आम्ही जीपला दोर बांधून गेट उपटले. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला मंचावर गाणे चालूच होते.

बरेच जण जखमी झाले. एक मुलगी गेली. मनमाडची, नाशिकला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मैत्रिणींबरोबर आली होती.

तिचे वडील रेल्वेत नोकरीला. जिल्हा रुग्णालयात ते आले, त्यांनी ओळख पटवली. रडले नाहीत. मुलीच्या मनगटावर प्रवेशाचा केशरी पट्टा होता. त्याकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, "साहेब, एवढं काढता येईल का? घरी तिची आई बघेल."

शवविच्छेदन व्हायचे होते. अंगावरच्या कोणत्याही वस्तूला हात लावता येत नव्हता. मला त्यांना नाही म्हणावे लागले. त्यांनी मान डोलावली आणि भिंतीला टेकून खाली बसले.

गुन्हा दाखल झाला. पहिला प्रश्न सरळ होता, कुलूप कोणी लावले? उत्तरही लगेच मिळाले. रक्षक स्वतःच समोर आला आणि त्याच्या अहिराणीत म्हणाला,

"मीच लायं कुलूप, साहेब. मनी चूक शे."

आयोजकानेही तेच सांगितले. कालव्याच्या बाजूने फुकटे आत येत होते, म्हणून रक्षकाने कोणाला न विचारता गेट बंद केले. त्याच्या कर्मचाऱ्यांचे जबाब घेतले. प्रत्येक जण म्हणाला, "रक्षकाने परस्पर गेट बंद केले." प्रत्येकाच्या तोंडी 'परस्पर' हाच शब्द. तिथे माझे कान टवकारले. एकच घटना चार माणसे चार तऱ्हेने सांगतात. एकाला रंग आठवतो, दुसऱ्याला आवाज, तिसरा वेळेत चुकतो. जिथे सगळ्यांचा शब्द एक, तिथे तो शब्द कोणीतरी वाटलेला असतो.

वरून फोन येऊ लागले. आरोपीने कबुली दिली आहे, मग तपास कशाला लांबवता? मुलगा चांगल्या घरचा आहे, त्याचे भविष्य आहे. मी "होय सर" म्हणत राहिलो आणि रक्षकाला पुन्हा समोर बसवले.

तो खाली मान घालून बसला होता. ठाणे अंमलदाराने जबाब वाचून दाखवला आणि सहीसाठी पेन पुढे केले. त्याला ते धरता येईना. मी त्याचे हात टेबलावर ठेवायला सांगितले. नखे उपटली गेली होती, बोटांची कातडी सोलली होती. पकडले तेव्हा गर्दीतली जखम म्हणून पट्ट्या बांधल्या होत्या. त्या आता निघाल्या होत्या.

"हे कशानं झालं?"

"साखळी ओढी ऱ्हायंतू."

"कुलूप तुम्ही लावलं, तर मग साखळी कशाला ओढत होता? चावीनं उघडायचं."

त्याने हात टेबलाखाली घेतले.

"चावी कुठं होती?"

"माले माहीत नाय."

"तुमच्याकडे असती तर?"

"मनाकडे ऱ्हायती तर उघडलं नसतं का, साहेब?" त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "ती पोर जाळीला तोंड लाईसन माले काका, काका करी ऱ्हायनी व्हती. ती आत, मी बाहेर. मधे बोटभर जाळी."

"कुलूप लावायला कोणी सांगितलं?"

"सांगनारानं सांगं. हात त मनाच व्हता ना."

नाव मात्र त्याने सांगितले नाही. त्याला कोणी धमकी दिली असेल, आमिष दाखवले असेल, असे मला आधी वाटले होते. तसे काही नव्हते. हात त्याचा होता, म्हणून गुन्हा त्याचा, एवढाच त्याचा हिशेब होता, आणि बाकीच्यांना तो सोयीचा पडला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या फोनवर एका तरुणीचा फोन आला. नाव सांगायला तयार नव्हती. "सर, गेटचं वॉकीटॉकीवर सांगितलं होतं. आम्ही सगळे एकाच चॅनेलवर होतो," एवढे म्हणून तिने फोन ठेवला. तासाभराने पुन्हा केला, तेव्हा नाव-पत्ता दिला. मी तिला ठाण्यात बोलावले नाही. महिला उपनिरीक्षकाला साध्या वेषात तिच्या घरी पाठवले आणि मागाहून मी गेलो. ती आयोजकाच्या कार्यालयात कलाकारांची व्यवस्था पाहत असे. तिची आई चहा ठेवून दारातच उभी राहिली.

"तुझं नाव यात येणार का गं?" आईने तिला विचारले.

"येईल, आई," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. "सरांनी, म्हणजे आमच्या बॉसनी, सांगितलं, 'दोन नंबर बंद करा, कुलूप टाका, चावी माझ्याकडे पाठवून द्या.' सगळ्यांनी ऐकलं. वारा सुटल्यावर गेटवरचे काका चॅनेलवर ओरडत होते, 'चावी पाठवा, चावी पाठवा.' कोणीतरी उत्तर दिलं, 'चॅनेल मोकळं ठेवा.' मग काकांचा आवाज बंद झाला."

"उत्तर कोणी दिलं?"

"आवाज ओळखू आला नाही. पण थांबवलं कोणीच नाही. मीही नाही. मला वाटलं, कोणीतरी चावी घेऊन गेलं असेल."

तिचा जबाब मी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवून घेतला, म्हणजे नंतर तिच्यावर कितीही दबाव आला तरी तो पुसला जाणार नाही. मग आयोजकाला चौकशीसाठी बोलावले. तो वकिलासह आला. वकील बाहेरच्या बाकावर बसले.

चौकशीत आवाज चढवून काही मिळत नाही, असा माझा अनुभव आहे. मी त्याला पाणी दिले आणि एवढेच सांगितले, "गेट बंद करायचा हुकूम कोणी दिला, ते तुमच्या एका माणसानं कोर्टापुढे सांगितलंय."

त्याने लगेच विचारले, "कोणी?"

निर्दोष माणूस आधी 'काय सांगितलं' असे विचारतो. 'कोणी सांगितलं' हे ज्याला काय ते आधीच ठाऊक आहे, तो विचारतो.   आयोजकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कालव्याच्या बाजूनं पोरं फुकट घुसत होती, सर. प्रायोजक माझ्यावर चिडले होते. मी म्हटलं, थोडा वेळ बंद करू, मग उघडू."

"चावी?"

"खिशात होती. माझ्या खिशात. मी मंचाच्या बाजूला होतो, कानाला हेडफोन. मागून आवाज येत होता. मला ती दाद वाटली, सर. लोक ओरडत होते, आणि मला वाटलं, कार्यक्रम रंगलाय."

मी लिहायचे थांबलो. तपास अधिकाऱ्याने चेहऱ्यावर काही दाखवू नये, पण त्या क्षणी मला ते जमले असेल असे वाटत नाही.

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. टिकते ती त्या कबुलीतून निघालेली वस्तू. चावी कुठे आहे, हे विचारल्यावर त्याने सांगितले की त्याच दिवशी परत जाताना ती कालव्यात फेकली. दोन पंच घेऊन आम्ही त्याच्यासह गेलो. पाण्याचे आवर्तन बंद होते, कालव्याच्या तळाला फक्त चिखल उरला होता. त्याने पुलावरून जागा दाखवली. पोलीस पाटील बाईंनी गावातून घमेली आणून दिली. जवानांनी चिखल उपसला. चावी सापडली. पंचांसमोर ती जप्त केलेल्या कुलपाला लावली, कुलूप उघडले. तोपर्यंत शांत उभा असलेला आयोजक तिथेच कठड्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. मला त्याची कीव आली नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल.

मी सदोष मनुष्यवधाचे कलम लावले. पत्करलेली अट जाणूनबुजून मोडणे हा नुसता निष्काळजीपणा नव्हे, असे माझे मत होते आणि आहे. रक्षकाला आम्ही साक्षीदार केले. बचाव पक्षाच्या वकिलांनी त्याला विचारले, "कुलूप कोणाच्या हाताने लागलं?" त्याने बरी झालेली, पण वाकडी राहिलेली बोटे वर केली. "या हातानं," तो म्हणाला. "हुकूम त्यास्ना. हात मना." आयोजकाला शिक्षा झाली. अपील अजून प्रलंबित आहे. रक्षक नामपूरला परत गेला. पुन्हा कुठल्या दारावर उभा राहिला नाही. मुलीचे वडील प्रत्येक तारखेला मनमाडहून येत. निकालाच्या दिवशी मी जवळ गेलो, तेव्हा त्यांनी माझे हात हातात घेतले. 

मला या प्रकरणाने काय शिकवले, असे कोणी विचारले, तर मी त्या तरुणीची आठवण सांगतो. साक्ष दिल्यावर तिला त्या क्षेत्रात कोणी काम दिले नाही. मी निवृत्त झाल्यावर एकदा ती कॉलेज रोडला भेटली. आता एका शाळेच्या कार्यालयात होती. आम्ही फुटपाथवरच उभे राहून बोललो. ती म्हणाली, "सर, चॅनेलवर इतके जण होतो. नंतर खरं बोलले मी एकटीच. बाकीच्यांना झोप लागत असेल का?"

मी खोटा दिलासा देऊ शकलो असतो. पण तिने माझ्यापुढे कधी खोटे सांगितले नव्हते.

"लागत असेल," मी म्हणालो. "प्रत्येकाला वाटतं, चावी दुसऱ्याकडे होती."

 ती म्हणाली, "तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, सर. मग मला का लागत नाही?"