दंडारीतली राणी आणि माझी सुई

भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या भावाने मला शेजाऱ्यांच्या बंडीत (बैलगाडीत) बसवून दिले. भाऊ चांदा जिल्ह्यात लाकडाच्या डेपोवर कारकून आहे. साताऱ्याहून त्याच्याकडे पोचायचे म्हणजे गाड्या बदलता बदलता जीव मेटाकुटीला येतो, आणि शेवटची गाडी तर इतकी छोटी आणि इतकी सावकाश की खाली उतरून चालावे असे वाटते. हा मुलूख आता आपल्याच राज्यात आला आहे, पण अजून आपल्याकडचे फारसे कोणी तिकडे फिरकत नाही. एवढ्या लांब आलीस तर आरमोरीची मंडई पाहूनच जा, असा भावाचा हट्ट होता. स्वतः मात्र तो हिशेबात बुडालेला, म्हणून ही बंडी.

मंडई म्हणजे आपली भाजीची नव्हे. दिवाळी सरली की या भागात गावोगाव एका दिवसाची जत्रा भरते. खरेदी होते, पाहुणे भेटतात, पण लोक येतात ते गाण्याबजावण्यासाठी. आरमोरीला म्हणे एकाच दिवशी चार ठिकाणी वाजत असते आणि लोक इकडून तिकडे नुसते पळत असतात.

बंडीत बायजाबाई आणि त्यांची मुलगी शेवंता होत्या. बायजाबाईंचे यजमान धानाच्या कापणीत अडकले होते, त्यामुळे आजचा निर्णय बाईंच्या हाती होता. यजमान मोकळे असते तरी तो त्यांच्याच हाती राहिला असता, हे मला पहिल्या अर्ध्या मैलात कळले. निर्णय कसला, तर शेवंताच्या लग्नाचा.

"मंडईत सारे सोयरे एका जागी येतात न," बायजाबाईंनी मला समजावले. "मी पोरगा पाहाले आली असं कोनी म्हनत नाई. अशीच भेट होते. मंग पोराकडचा मानूस पान देते. पान घेतलं त जमलं. 'पान मंग खाऊ' म्हटलं त नाई जमलं. भांडन नाई, तंटा नाई."

पद्धत मला पसंत पडली. आमच्याकडे नकार कळवायला महिना लावतात आणि तोही पत्रिकेच्या आड लपून.

"मुलगा कसा हवा?" मी विचारले.

"दारू पेनारा नको अन् नाच्या नको. नाच्याचं ध्यान घरी नाई राहत."

शेवंता मान खाली घालून शिंगाडे सोलत होती. सोललेला एक तिने आईला दिला, एक मला. अठराएक वर्षांची असेल. बोलत नव्हती, पण तिच्या डोळ्यांतून काही सुटत नव्हते. बंडीच्या खिळ्याला अडकून बायजाबाईंचा पदर फाटला, तेव्हा मी पिशवीतून सुई काढली. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. सुईदोरा माझ्याजवळ नाही असे होत नाही. दोरा मात्र हिरवाच उरला होता. लाल पदरावर हिरवी टीप पाहून मलाच लाज वाटली, पण शेवंता ती जवळून न्याहाळत म्हणाली, "बारीक हाये जी टाका."

रस्ता दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्यांचा, म्हणजे आपल्याकडच्या भातखाचरांचा. कुठे कापून पेंढ्या पडलेल्या, कुठे पीक अजून उभे, आणि त्यामागे जंगलाची काळी रेघ. गाव दिसण्याआधी गाव ऐकू आले. एका बाजूने ढोल, दुसऱ्या बाजूने टाळ, आणि या सगळ्यावर कुणा व्यापाऱ्याने बॅटरीवर लावलेला भोंगा, तो घोगऱ्या आवाजात बिडीची जाहिरात करत होता. बैलांनी कान टवकारले आणि ते जागच्या जागी थांबले. त्यांचे मला पटले.

शाळेच्या ओसरीवर भजन चालले होते. तिथे पाच मिनिटे बसलो, तोवर बायजाबाईंचे ठरलेले माणूस आले. डोमाजी, म्हणजे मुलाचे मामा. डोक्याला फेटा, हातात पानाची पुडी, आणि कपाळावर घाम.

"रामराम बाई. अचानकच भेट झाली!"

"हो न भाऊ, अचानकच," बायजाबाई म्हणाल्या. "एकटेच आले काजी?"

"मारोती हाये न. आखरावर गेला बैलं पाहाले. लय शौक हाये त्याले बैलाचा."

आम्ही आखरावर (गुरे जमतात त्या मोकळ्या मैदानावर) गेलो. तिथे बैल नव्हते, खडी गंमत होती. डफाच्या तालावर दोन माणसे एकमेकांना सवाल टाकत होती आणि तिसरा मधेच तोंड घालून सगळ्यांना हसवत होता. सावकार, मास्तर, सासू, कोणी सुटले नाही. मी चष्मेवाली दिसताच त्याने "पुन्याची डाक्टरीन आली, नाडी पाहा रे कोनी!" असे म्हटले. मी साताऱ्याची, पण हसले. मारोती मात्र दिसला नाही.

"तो तलावाच्या पाळीवर गेला असन," डोमाजी म्हणाले आणि फेट्याच्या शेवाने मान पुसली.

पाळीवर जंगलाकडच्या गावांतून आलेली गोंड पोरे-पोरी हात गुंफून ओळीने नाचत होती. ढोल एकच, पण त्याने छातीत घर केले. गाणे मला कळले नाही. पाय मात्र आपोआप हलू लागले. मी ते आवरले, माझ्या वयाला आणि चपलेला शोभेना म्हणून. इथेही मारोती नव्हता. बायजाबाईंच्या कपाळावर आठी चढली. डोमाजींनी भज्यांची पुडी आणून दिली. लाखोळीच्या डाळीची ती भजी झणझणीत होती, पण आठी काही उतरली नाही.

"आता बजार चौकात दंडार सुरू होऊन राह्यली," डोमाजी म्हणाले. "तुमी बसा तिथी. मी त्याले घेऊनच येतो."

दंडार म्हणजे इकडचे नाचगाण्याचे नाटक. बायकांची कामेही पुरुषच करतात. बायजाबाई आणि शेवंता पुढे जाऊन बसल्या. मी पाणी शोधत मागच्या बाजूला गेले, तर आडोशाला लावलेल्या चादरीतून एक तोंड बाहेर आले. पांढरी भुकटी, काजळ, मोठे कुंकू, आणि आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा.

"बाई, सुई हाये काजी तुमच्यापाशी?"

राणीची चोळी मागे खांद्यावर उसवली होती. नांगर धरणारे खांदे ते, चोळी बिचारी काय करणार! मी त्याला पाठमोरे उभे केले आणि अंगावरच शिवायला घेतली.

"तुमी त बायजाबाईच्या बंडीत आल्या न?" त्याने हळूच विचारले.

माझा हात थांबला. "तू मारोती?"

"हो जी. मामा म्हन्ते, तोंड धुऊन ये, दंडारीचं नाव काढू नको. पन राणीच नाई त दंडार कशी होईन? सारा गाव मेहनत करून आला. मले त ते लपवाछपवी जमत नाई." मग त्याने विचारले, "तुमी सांगान काजी त्याइले?"

"आपण होऊन सांगणार नाही," मी म्हटले. "पण कोणी विचारले तर खोटेही बोलणार नाही."

"मंग ठीक हाये," तो म्हणाला. एवढ्यात ढोलकीवर थाप पडली आणि राणी माझ्या हातातून निसटली. गाठ मारायची राहिली. सुई तशीच टिपेत खोचलेली, आणि हातभर हिरवा दोरा पाठीवर लोंबत राहिला.

मी परत येऊन बसले, पण माझे नाटकात लक्ष कसले! राजा रागावला, राणीला वनवासात धाडले. डोक्यावर घागर, एक हात घागरीला, पदर सुटला तर दातात धरलेला, असा तो मारोती चालला आणि चौक गप्प झाला. निरोपाच्या गाण्यात त्याने हात उंच केला, आणि एकदम त्याच्या डोळ्यांत पाणी आले. कशाने आले ते मला ठाऊक होते. ओवी मात्र त्याने सोडली नाही. दुसऱ्यांदा हात उंच केला तेव्हा तर धारच लागली.

"पाहा जी, खरीखुरी रडून राह्यली," बायजाबाई मी शिवलेल्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "सासरी असे भोग भोगलेली बाईच असं रडते."

शेवंता माझ्याकडे सरकली. तिची नजर राणीच्या पाठीवर होती.

"बाई, तो दोरा तुमचा हाये न?"

"हो."

"तुमी कवाच्या त्याच्याच पाठीकडं पाहून राह्यल्या. सकाळपासून सापडत नाई तो मारोती हाच न?"

विचारलेच होते. मी मान हलवली. शेवंताने तोंड फिरवून पुन्हा नाटक पाहायला सुरुवात केली, पण आता ती राणीकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहत होती. राणीने घागर उतरवताना नेसणीची निरी न चुकता सावरली, तेव्हा ती गालात हसली.

दंडार संपते न संपते तोच डोमाजी उगवले, हातात पान, आणि एकटेच.

"काय सांगू बाई, बैल सुटला. मारोती त्याच्या मांगं धावत गावाकडे गेला. पोरगा मेहनती हाये पाहा! तुमी पान घ्या, भेट त काय, होतच राहीन."

बायजाबाई उठल्या. पदर खोचला. "डोमाजीभाऊ," त्या म्हणाल्या, "पान आपुन मंग..."

"माय," शेवंताने आईचा हात धरला. दिवसभरात ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "त्या राणीले पाहून तू रडली न?"

"रडली. त्याचं काय आता?"

"पोरगा तोच हाये."

डोमाजींचे पान हातातच राहिले. चादरीआडून मारोती आला, तोंडावर काजळाचे ओघळ, लुगडे तसेच नेसलेले. तो वाकून बायजाबाईंच्या पाया पडला आणि उभा राहिला. काही सबब सांगितली नाही.

बायजाबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. घाई केली नाही. भोवती माणसे जमली होती.

"लुगडं कोनाचं?"

"मायचं."

त्यांनी काठ हातात घेऊन उलटसुलट पाहिला. कुठे फाटलेला नव्हता, चिखल नव्हता. "नेसवून कोन देते?"

"सोताच नेसतो जी."

"अन् दिवसभर लुगड्यात काम करनं कसं लागते?"

मारोतीने जरा विचार केला. "मायले इचारलं होतं मी, एवढ्या लुगड्यात तू रोवना कशी करते म्हनून," तो म्हणाला. रोवणा म्हणजे चिखलात वाकून धान लावणे. "आता मी तिले पानी भरू नाई देत."

मागून कोणी तरी ओरडले, "बायजाबाई, राणी घेऊन चालल्या का घरी?" आणि सगळा चौक हसला.

"तू गप!" बायजाबाईंनी मागे न पाहता सुनावले. मग डोमाजींकडे वळल्या. "भाऊ, बैल पाहाले गेला, पाळीवर गेला, बैलामांगं धावला. सकाळपासून तुमी मले साऱ्या मंडईत फिरवलं. ह्याचं नाचनं मले आताई नाई आवडत. पन हा मुकाट्यानं समोर येऊन उभा राह्यला. तुमचं पान मी नाई घेत."

डोमाजींचा चेहरा पडला. बायजाबाईंनी त्यांच्या हातातून पान उचलले, मारोतीच्या हातात ठेवले आणि स्वतःचा हात पुढे केला.

"तू दे."

त्याने दिले. बायजाबाईंनी ते तिथेच तोंडात घातले आणि मग सगळ्या चौकाने इतका गलका केला की बिडीचा भोंगाही दबला.

परतीच्या वाटेवर ऊन उतरले होते. बायजाबाई डोळे मिटून बसल्या होत्या, झोपल्या नव्हत्या. मी सवयीने पिशवी आवरली आणि माझ्या लक्षात आले की सुई नाही. ती अजून मारोतीच्या खांद्यावरच होती. आजवर मी कपडे विसरले असेन, छत्री तर दोनदा विसरले, सुई कधीच नाही. तिथल्या गलक्यात मी टाळ्या वाजवत उभी राहिले होते, आणि ज्याला टोचत होती तोही एका शब्दाने बोलला नव्हता.

"बंडी फिरवता येईल का?" मी म्हटले. "त्याच्या पाठीला सुई राहिली आहे. हात पोचायचा नाही त्याचा."

"राहू द्या जी," शेवंता म्हणाली. "आज त्याची माय काढन." मग शिंगाड्यांची पुडी उलगडत, माझ्याकडे न पाहता तिने पुढचे सांगितले. "पन ते सुई परत मांगू नका जी. त्या खांद्याले रोज लागल ते."

साताऱ्यास पोचल्यावर मी नवी सुई घेतली. ती हाताला अजून बसत नाही, पण जुनी परत मागवणार नाही. तिला काम लागले आहे.