गेटावरून परत

आईच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या धाकट्या भावाने तिचा आयसीयूतला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. नाकात नळी, तोंड उघडं, केस विस्कटलेले. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. माझं डोकं फिरलं. हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, आत्या-मावश्यांच्या देखत, मी त्याला म्हणाले की तू आईचा तमाशा केलास. तो खाली मान घालून उभा राहिला. आईचं दिवसकार्य उरकलं आणि मी माझा स्मार्टफोन नंबरासकट बंद करून टाकला.

लोकांना वाटलं, हिला वैराग्य आलं. वैराग्य कसलं, निव्वळ राग होता. मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते, ते काम लॅपटॉपवर होतं. वीजबिल, वाणसामान, बँक, सगळं तिथेच. ओटीपीसाठी बटणांचा एक फोन ड्रॉवरमध्ये ठेवला, पण त्याचा नंबर बँकेशिवाय कुणाला दिला नाही. सुरुवातीला तर मी फार मिजाशीत होते. हातातल्या फोनवर वाकलेली माणसं दिसली की आपण सुटलो असं वाटायचं. भावाचा नंबर जुन्या फोनबरोबर गेला. पाठ नव्हताच, आणि मिळवावा असंही वाटलं नाही. तो घणसोली गावात आमच्या जुन्या घरी, मी नेरूळला शिरवणे गावाच्या अंगाला बाराव्या मजल्यावर. मनात आणलं असतं तर रिक्षाने कधीही जाता आलं असतं. मी मनात आणलं नाही.

मग सोसायटीने इंटरकॉम काढून अ‍ॅप आणलं. गेटावर कुणी आलं की वॉचमन अ‍ॅपमध्ये नाव टाकतो, घरातल्यांच्या फोनवर विचारणा जाते, होकार आला तरच वर सोडतात. सेक्रेटरींनी मला ईमेल केली की तुमच्याकडे अ‍ॅप नाही, उत्तर आलं नाही तर पाहुणा आपोआप नाकारला जाईल, निदान शेजाऱ्यांचा तरी नंबर द्या. मी फटकन उत्तर लिहिलं: माझ्याकडे कुणी येत नाही, आलंच तर खुशाल परत पाठवा. त्या उत्तरावर मी इतकी खूश झाले की उठून चहा केला.

भाऊबीजेला भाऊ आला नाही. आईनंतरची ती दुसरी भाऊबीज. मी ताम्हन घासून ठेवलं होतं, निरांजन काढलं होतं, वात मात्र घातली नव्हती. दोन वाजेपर्यंत मुद्रितं चाळत बसले, मग सगळं परत कपाटात ठेवलं आणि एकटी जेवले. संध्याकाळी शेजारच्या काकूंना सांगितलंही, माझा भाऊ बायकोच्या मुठीत आहे. वहिनीने माझं काय वाकडं केलं होतं, देव जाणे.

त्याच महिन्यात माझं एक पार्सल गेटावर हरवलं. ते कधी आलं हे शोधायला मी सोसायटीच्या ये-जा नोंदींची ईमेल उघडली. ती दर महिन्याला येते आणि मी न वाचता उडवून टाकते. पार्सलच्या बऱ्याच वर, भाऊबीजेच्या तारखेला, सकाळी अकरा वीसला माझ्या भावाचं नाव होतं. कारण: बहीण. पुढे लिहिलं होतं, नाकारले. खालची ओळ अकरा पस्तीसची. पुन्हा त्याचंच नाव, पुन्हा नाकारले.

पंधरा मिनिटं तो खाली उन्हात उभा होता आणि मी वर बसून मनात त्याला शिव्या घालत होते.

लॅपटॉप पिशवीत घालून मी तशीच घणसोलीला गेले. रविवार होता, भाऊ ओट्यावर बसला होता. मला बघून वहिनी आत गेली. मी लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवला आणि घाईघाईने सांगितलं की हे आपोआप होतं, माझ्याकडे तसला फोनच नाही, तू आल्याचं मला कळलंच नाही. तो स्क्रीनवर बोट ठेवून दोन्ही ओळी सावकाश वाचत राहिला.

"वॉचमन म्हनला, मॅडमनी नको सांगितलंय," तो म्हणाला. "मी म्हनलो, परत एकदा इचार. आईच्या फोटोचं माजं चुकलं, तेवडंच सांगाला आलेलो."

मला रडू फुटलं. मिटलं, असंच वाटलं मला त्या क्षणी. त्याने मला रडू दिलं. मग विचारलं, "जबाब नाय आला तर मानूस परत धाडतात, ह्ये तुला ठाव व्हतं?"

नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझ्या ईमेली तो थोडाच वाचणार होता. पण त्याच्याशी खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही.

"होतं," मी म्हटलं. "मीच तसं लिहून दिलं होतं. कुणी आलं तर परत पाठवा म्हणून."

"मंग वॉचमन खोटं नाय बोलला," तो म्हणाला.

लॅपटॉप मिटून त्याने माझ्या पिशवीत नीट घातला, पिशवी माझ्या शेजारी ठेवली आणि उठून आत गेला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा ओट्यावर मी एकटीच होते.