समुद्राला दिलेली पाच वाजताची वेळ

मागच्या वर्षी नारळी पौर्णिमेला आमच्या गावाने समुद्राची पूजा ठेवली आणि समुद्र आला नाही. चूक त्याची नव्हती. त्याला वेळ मी दिली होती.

मी चळवळीतली मुलगी आहे. डहाणूला कॉलेजात गेल्यापासून पत्रकं लिहिते. (ती शेवटपर्यंत कोणी वाचत नाही, पण त्यांत भजी बांधली जातात, म्हणजे जनतेपर्यंत पोचतात.) आमचं गाव वरोरच्या बाजूला, अगदी किनाऱ्यावर. बाबा होडीवर जातात, आई टोपली घेऊन वाणगावच्या बाजाराला. नारळी पौर्णिमेला गावचा मानाचा नारळ वाजतगाजत निघतो आणि समुद्राला वाहिला जातो. दर वर्षी मान एका घराचा. मागच्या वर्षी आमचा होता.

नारळ नेणार कोण? बाबा. का? तर गावच्या मंडळाचे सेक्रेटरी दामूकाका म्हणाले, पहिल्यापासून पुरुषच नेतात. बस्स! म्हणजे मासळी बाईने निवडायची, वाळवायची, विकायची, त्या पैशात घर चालवायचं, आणि समुद्राशी बोलायची वेळ आली की पुरुष पुढे! मी त्याच दिवशी पत्रक काढलं, 'नारळ आईच्याच हाती', आणि मंडळाच्या ओट्यावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी मंडळ हरलं. तत्त्व पटून नव्हे, माझं भाषण ऐकून कंटाळून.

या सगळ्यात आईला विचारायचं राहूनच गेलं होतं. (चळवळीत असं होतं.) कळल्यावर पेटीतलं हिरवं लुगडं काढून तिने उन्हात टाकलं, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एवढी वर्षं गर्दीत मागे उभी राहते गो. नारळ पाण्यात पडताना कधी दिसलाच नाही."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला दुसरा अन्याय दिसला: मिरवणुकीची वेळ. सकाळी अकरा! अकराला बायका कुठे असतात? चुलीपुढे, नारळीभाताला वाफ येण्याची वाट बघत. बाई उंबऱ्याबाहेर पडूच नये म्हणून साधलेली वेळ, दुसरं काय? मी मागणी केली, मिरवणूक संध्याकाळी पाचला.

बाबा जाळं शिवत बसले होते. "पोरी, तिथी बघ," म्हणाले. मी तिथी-मुहूर्त मानत नाही, असं ठणकावून सांगितलं. ते पुन्हा जाळ्यात शिरले. आई म्हणाली, पाचला पाणी नसतं. तिला मी म्हटलं, तूसुद्धा त्यांचीच भाषा बोलायला लागलीस? (मला भरती-ओहोटी ठाऊक नव्हती असं समजू नका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे पाढ्यांच्या आधी शिकवतात. पौर्णिमेची पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. पण पत्रक लिहिताना मी निसर्गाचं मत घेत नाही.)

दामूकाका मात्र गोड हसले.

"पाच तर पाच. पण सूर्य बुडायच्या आत नारळ पाण्यात पडला पाहिजे. नाय पडला, तर पुढच्या वर्षापासून पुरुषच नेणार, आणि हा विषय तू परत काढायचा नाय."

मी मंडळाच्या वहीत सही केली. खाली तारीखसुद्धा घातली.

पौर्णिमेला पाचच्या ठोक्याला मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे गावातल्या झाडून साऱ्या बायका, मध्ये हिरव्या लुगड्यातली आई. तिच्या हातात ताट, ताटात नारळ. (सोनेरी प्लास्टिकच्या कागदाला माझा विरोध असल्याने नारळाला हळद फासली होती. तो आजारी दिसत होता, पण पर्यावरणपूरक होता.) सगळ्यांच्या पुढे मी, हातात भोंगा. शेवटच्या वळणावर मी घोषणा द्यायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

किनारा होता. समुद्र नव्हता.

तो लांब, आभाळाच्या कडेला, रुपेरी रेघ होऊन गेला होता. मधे नुसता चिखल आणि खडक. होड्या कुशीवर पडून झोपल्या होत्या. बँड एकेक वाद्य करत बंद पडला. ढोल शेवटपर्यंत चालू राहिला, कारण ढोलवाल्याला ढोलाच्या वरून दिसत नव्हतं.

दामूकाकांनी घड्याळ बघितलं, मग सूर्य बघितला, मग मला.

मी जागच्या जागी तातडीची सभा बोलावली. आम्ही चर्चा करत गेलो तसा समुद्र आणखी मागे गेला. (माझ्या सभांना असंच होतं.) मी ठराव मांडला की एका बादलीत समुद्राचं पाणी आणावं आणि प्रतीकात्मक नारळ वाहावा.

"बादलीतच टाकायचा तर घरी न्हाणीत टाकला असता," दामूकाका म्हणाले. "बँड कशाला आणला?"

तेवढ्यात आईने ताट शेजारणीकडे दिलं, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं आणि ताट परत घेतलं.

"तुमची सभा चालू दे," ती म्हणाली. "मी जाऊन येते."

आणि ती चिखलात उतरली. मागोमाग सगळ्या बायका. अशा चालल्या होत्या, जणू खाली डांबरी रस्ता आहे! का नाही चालणार? ओहोटी लागली की कालवं फोडायला, शिंपल्या वेचायला वर्षभर त्याच तर जातात. कुठला खडक घट्ट, कुठे पाय फसतो, सगळं पायांना पाठ. पुरुषांना समुद्र कळतो तो पाणी असताना, होडीत बसून. पाणी हटलं की तो बायकांचा. आणि बायकांच्या कष्टांवर गठ्ठाभर पत्रकं लिहिलेल्या मला हे त्या दिवशी कळलं.

इभ्रत जाऊ नये म्हणून पुरुषही निघाले. दहा पावलांत गुडघ्यापर्यंत गेले. दामूकाकांची एक चप्पल रुतली. ती काढायला वाकले तर दुसरीही गेली. आणि मी? मोर्चाच्या पुढे असणं ही माझी जुनी सवय. बायकांना गाठायला मी आडवाटेने धावले आणि मांड्यांपर्यंत खाली गेले. तशीच भोंग्यातून ओरडले, "भगिनींनो, पुढे चला!" भगिनी केव्हाच पुढे गेल्या होत्या.

सूर्य हातभर उरला तेव्हा लांब पाण्याच्या कडेला एक हिरवा ठिपका वाकला. मग बायकांचा एकच गलका उठला. माझ्या बाजूला रुतलेले बाबा डोळे पुसत होते. चिखल गेला, म्हणाले. चिखल त्यांच्या गुडघ्यापर्यंतच होता.

बायका परत आल्या तेव्हा नारळाच्या ताटात शिंपल्यांचा ढीग होता. एवढं लांब गेलोच होतो, तर रिकाम्या हाताने कशाला यायचं, असं आईचं म्हणणं पडलं.

मंडळाची सभा तिथेच, माझ्याभोवती उभं राहून झाली. दामूकाका दिलदार, अनवाणी असूनही ठराव त्यांनीच मांडला. यापुढे मान कुठल्याही घराचा असो, नारळ त्या घरच्या बाईनेच न्यायचा. मात्र वेळ मी सोडून कोणीही ठरवावी. सगळ्यांच्या आधी आईचा हात वर गेला. ठराव एकमताने मंजूर.

दुसरा ठराव मला बाहेर काढण्याचा होता. त्यावर मात्र बरीच चर्चा झाली.