हास्यवायू तोडणारी भाडेकरू

पीएचडीसाठी यवतमाळहून पुण्यात आले, तेव्हा नारायण पेठेतल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मला खोली मिळाली. घरमालक काका खालीच राहायचे. सारी नोकरी त्यांनी खडकीला एका कारखान्यात माल तपासण्यात काढली होती आणि निवृत्तीनंतर ते बागेतल्या हास्यक्लबाचे सचिव झाले होते. हे दुसरं मला नंतर कळलं, कारण त्यांना हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही दिवसभर प्रयोगशाळेत नक्की करता काय?"

मी सोपं करून सांगायला गेले. "काका, हास्यवायू असतो ना? तो मी तोडते."

"का? त्याने काय केलंय तुमचं?"

मग मी सगळं सांगितलं. काही कारखान्यांच्या धुराड्यांतून तो वायू सुटतो आणि हवा तापवतो. धातूच्या ऑक्साइडची पूड गरम करून तिच्यावरून तो सोडला, तर त्याचा साधा नायट्रोजन आणि ऑक्सिजन होतो. माझी पूड कोबाल्टची, काळीकुट्ट.

"म्हणजे हसू मोडून हवा करता," काका म्हणाले आणि आत गेले.

चार दिवसांनी ते टाइप केलेलं पत्र घेऊन दारात उभे. ‘आपल्या संशोधनामुळे हास्यास बाधा पोहोचेल काय, याचा लेखी खुलासा करावा.’ खाली सचिव म्हणून त्यांचीच सही.

"काका, तोंडीच सांगते ना."

"सचिवाला तोंडी चालत नाही. दुसऱ्या प्रतीवर पोच द्या."

मी पोच दिली, खुलासाही दिला: माणसाच्या हसण्यात हा वायू नसतो. क्लबाला तो समाधानकारक वाटला नाही. विज्ञान दिनाला आमची प्रयोगशाळा लोकांना खुली असते, त्या दिवशी पांढऱ्या टोप्या घातलेले आठ ज्येष्ठ नागरिक येऊन हजर झाले.

माझ्या गाइड मॅडमनी मला बाजूला घेतलं. "हे कोण?"

"माझे घरमालक, मॅडम. तपासणीला आलेत."

"कसली?"

"हास्याची."

कोबाल्टच्या लालसर द्रावणात पोटॅशियम कार्बोनेट ओतलं की जांभळा गाळ खाली बसतो, ते मी पाहुण्यांना दाखवत होते. हा गाळ गाळणकागदावर घेऊन डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा पुन्हा धुवायचा, म्हणजे त्यातलं पोटॅशियम निघून जातं. मग वाळवून भट्टीत भाजला की काळी पूड तयार. काकांनी हात पुढे केला. निदान प्रश्न तरी थांबतील म्हणून मी पाण्याची बाटली त्यांना दिली.

त्यांनी थोडं थोडं पाणी घातलं, वाकून पाहिलं आणि बाटली खाली ठेवली. "पुरे."

"काका, अजून दहा वेळा तरी धुवायचंय."

"स्वच्छ झालंय. इतकं शुद्ध पाणी गटारात सोडता? आमच्या नळाला सकाळी दोन तास पाणी येतं." बाकीच्या सातांनी माना डोलावल्या. मग हात वर करून सगळे एकदम हसले, तो त्यांच्या सभेचा समारोप होता.

तो गाळ मी टाकूनच देणार होते. पण कोबाल्ट संपत आलं होतं आणि नवीन यायला महिना होता. म्हणून भाजला, पूड काचेच्या नळीत भरली आणि वायू सोडला. एरवीपेक्षा शंभरेक अंश आधीच वायू तुटायला लागला. मला वाटलं यंत्र बिघडलं. नळ्या सोडवून पुन्हा जोडल्या, तरी तेच. शेवटी मॅडमना बोलावलं.

"काय वेगळं केलंस?"

"नीट धुतलं नाही."

"किती नीट धुतलं नाही?"

ते मी मोजलंच नव्हतं. चिमूटभर पोटॅशियम मागे राहिलं होतं. वायू तुटल्यावर ऑक्सिजन त्या पुडीला चिकटून बसतो, ते थोडं पोटॅशियम त्याला सुटायला मदत करत होतं. फार राहिलं तर मात्र पूड ठप्प. मी माझ्या अंदाजाने अर्धवट धुऊन पाहिलं. एकदा जास्त धुतलं गेलं, एकदा कमी. इतके महिने निष्ठेने स्वच्छ धुणारी मी, मला घाणेरडं धुता येईना.

मुकाट्याने काकांकडे गेले. त्यांनी लेखी विनंती मागितली. ती घेऊनच ते प्रयोगशाळेत आले, चष्मा पुसला आणि धुवायला बसले. मी खाली मोजपात्र धरलं. तीनदा तीन वेगळे गाळ दिले, तिन्ही वेळा "पुरे" म्हणाले तेव्हा पात्रातलं पाणी जवळपास सारखंच भरलं होतं.

"तुम्ही बघता तरी काय?" मी विचारलं. मला त्यांचा खरंच हेवा वाटत होता.

"गाळ कागदाची कड सोडतो. तिथे थांबायचं. तुम्ही बघत नाही, नुसत्या ओतता."

तिन्ही वेळची पूड तितक्याच लवकर वायू तोडू लागली. तोंडी परीक्षेत मी पाण्याचं ते माप सांगितलं आणि त्यामागचं रसायनशास्त्रही. परीक्षकांनी मान हलवली. आता मी बिबवेवाडीला राहते, नोकरी करते. काका अजून दर मंगळवारी प्रयोगशाळेत जातात, गेटवर त्यांचा पास झालाय. परवा मॅडमचा फोन आला होता. काकांनी एका विद्यार्थिनीचा मँगनीजचा अख्खा गाळ नापास केला, ती रडत बसली होती आणि तिला समजवायला मॅडमना मी हवी होते.