उभ्या बाई

लिलावात बाईंनी कधी हात वर केला नाही. हव्या त्या वस्तूचा पुकारा झाला की पदर खोचून उठायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. त्या उभ्या आहेत म्हणजे शेवटच्या बोलीवर त्यांची बोली चढली, हे सोलापुरात जुन्या वस्तूंच्या लिलावाला येणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. झेपेनासं झालं की मुकाट बसत. नवी पेठेत त्यांचं नावच उभ्या बाई पडलं होतं.

शाळेत त्यांनी मला चित्रकला शिकवली, म्हणजे तसा प्रयत्न केला. पुढं मी फोटोफ्रेमचं दुकान टाकलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक त्याच. लिलावातून आणायच्या काय, तर पोपडे उडालेलं काचेवरचं चित्र, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला वाळवी लागलेला रंगीत पाट. मी वैतागून म्हणायचो, बाई, भंगारवालासुद्धा हात लावणार नाही याला. त्यावर उत्तर ठरलेलं, "करणाऱ्याचा हात फिरलाय ना त्याच्यावरून? मग तू फक्त नीट पुसून दे."

जुन्या पितळेचे व्यापारी, मोडनिंबचे तात्या, हे त्यांचे कायमचे प्रतिस्पर्धी. बाई उठल्या की तात्या कपाळाला हात लावत.

मग एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओचं सामान लिलावात निघालं. त्यात फोटोत माणसांच्या मागं लावायचा रंगवलेला पडदा होता. संगमरवरी जिना, कमान आणि पलीकडं काठोकाठ भरलेलं तळं. दुष्काळी सांगोल्याची माणसं गावात टँकरची वाट बघायची आणि इथं येऊन तळ्याकाठी ऐटीत फोटो काढून जायची. तो पडदा बाईंच्या वडिलांनी रंगवलेला. त्यांच्या हातचं दुसरं काहीच उरलं नव्हतं. पुण्याचा एक हॉटेलं सजवणारा गृहस्थ तो घेऊन, तुकडे कापून, फ्रेमा करणार होता. चौकशीला नेमका माझ्याच दुकानात आला. मी बाईंना सांगितलं. "कापू देणार नाही," एवढंच म्हणाल्या.

पुकारणारा नवीन होता, बाहेरगावचा. पडदा निघाला आणि बाई उठल्या. हा माइकवरून म्हणतो, आजी, बसून घ्या, मागच्यांना दिसत नाही. बाई कशाला बसतात! आणि त्या बाबानं पुणेकराच्या बोलीवर एक वार, दोन वार, तीन वार करून हातोडा आपटला की. माझं डोकंच तडकलं. बाई मात्र शांतपणे पुढं गेल्या आणि पडद्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"माझी बोली चालू आहे," म्हणाल्या.

पुकारणारा नियम सांगायला लागला. तेवढ्यात मागून तात्या उठले. "सायेब, ह्या बाई बसल्याबिगर हितं लिलाव संपत न्हाय. कुणालाबी इचारा."

सभागृहात माना हलल्या. पुणेकर म्हणाला, होऊ द्या परत. पेन्शनवाली बाई ताणून ताणून किती ताणणार, असं त्याला वाटलं असावं. बाईंनी ताणलं. त्यांच्या पेन्शनचा मला अंदाज होता, त्यामुळं प्रत्येक बोलीला मी बोटांवर तिचे महिने मोजत होतो. शेवटी वैतागून त्यानंच हात खाली घेतला. मला बाईंचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

पैसे भरायला मुदत होती. बाईंनी जन्मभर जमवलेलं सगळं त्याच सभागृहात लिलावाला काढलं. त्या दिवशी पहिल्या रांगेत ऐसपैस बसल्या आणि एकदाही उठल्या नाहीत. काचेवरचं ते चित्र गेलं तेव्हा माझं मनगट तेवढं घट्ट धरलं. पडदा त्यांनी आमच्या शाळेला दिला, कात्री न लावण्याच्या अटीवर. तो हॉलमध्ये अखंड लागला.

गेल्या महिन्यात त्याच पडद्यासमोर बाईंची शोकसभा झाली. श्रद्धांजलीला सगळे उभे राहिलो. दोन मिनिटं संपली, मुख्याध्यापक बसा म्हणाले आणि खुर्च्या सरकल्या. तात्या मात्र काठीवर भार देऊन तसेच उभे. मी त्यांची बाही ओढली, म्हटलं, तात्या, बसा आता.

"न्हाय रं," ते पडद्याकडं बघत म्हणाले. "बसलं म्हंजे सोडलं."

मी परत उठलो.